पोरांसोबत स्काउटमध्ये घालवलेले दिवस: तुमचेही अनुभव लिहा

दोन पोरांचा बाप:
परवा जिन्यात पाय घसरला आणि हातावर पडलो. धाकटा घरीच होता, २६ वर्षांचा. एक शब्द न बोलता त्याने आईची ओढणी ओढली, तिकोनी घडी घातली, माझा हात छातीशी आडवा धरायला लावला आणि झोळीत घेतला. मनगट कोपरापेक्षा जरासं वर. गाठ रीफ नॉट, आणि तीही मानेच्या मणक्यावर नाही, दुखऱ्या बाजूला हासळीच्या वरच्या खळग्यात, म्हणजे रुतत नाही. मग माझ्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि रंग परत येतोय का ते बघत बसला. हे सगळं मीच शिकवलेलं. आणि हाच पोरगा वर्षभरात स्काउट सोडून आला होता.

थोरल्याचं आधी सांगतो. तो दहाव्या वर्षी पथकात गेला, मी मदतनीस पालक म्हणून. पहिल्याच शिबिरात संध्याकाळी आभाळ भरून आलं. तंबूंना सुती दोर होते. भिजले की आखडतात आणि खुंट्या उपटून काढतात, म्हणून निजायच्या आधी ढिले करायचे असतात. मला माहीत होतं, म्हणून निघालो. पथकाचे सर म्हणाले, "बसा. सांगितलंय त्यांना दुपारी." मी हात मांडीखाली घेऊन बसलो, खरंच. रात्री दोनला तंबू बसला. पाच पोरं ओल्या कापडाखाली, टॉर्च कुठंय ते कुणालाच माहीत नाही. बापाला पडून राहायला सांगणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना थोरला एकटाच सगळ्या तंबूंभोवती फिरून दोर ढिले करत होता. आमच्याही तंबूचे केले. माझ्याकडे बघितलंही नाही.

धाकटा आला तोवर मी स्वतः पथकाचा सर झालो होतो. आपल्याच पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून भांडी घासायला पहिलं नाव त्याचं. शिट्टी चुकली तर पहिला ओरडा त्याला. वर्षाने म्हणाला, येणार नाही. मी आठ दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. परवा झोळी बांधून झाल्यावर विचारलं, का रे सोडलंस तेव्हा? म्हणाला, "बाबा, तिथे तू सगळ्यांचा असायचास. माझाच नसायचास."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुम्ही मुलांबरोबर असं काही केलं असेल तर लिहा.

रानभूल:
मनगट कसंय? एक्सरे काढला का? बाकी रात्री लिहितो.

दोन पोरांचा बाप:
बारीक चीर आहे. प्लास्टर घातलंय. डाव्या हाताने टंकतोय, चुका समजून घ्या.

पायवाट:
सुती दोर!! आमचाही तंबू असाच बसला होता, फरक इतकाच की आत मीपण होतो. आता नायलॉन आलं, ते उलट भिजल्यावर सैल पडतं, म्हणजे पोरांना आता बरोब्बर उलटं शिकवावं लागतं.
अजून एक. चुलीवर चढवायच्या आधी पातेल्याला बाहेरून साबणाचा हात फिरवायचा. काजळी साबणावर धरते, नंतर पाण्याने निघून जाते. माझा मुलगा विसरला आणि अख्खी दुपार मातीने घासत बसला. त्यानंतर आजतागायत विसरलेला नाही, लग्न झालं तरी.

डावखुऱ्याची आई:
माझा मुलगा डावरा. लहानपणी घरातल्या मोठ्यांनी चमचा या हातातून त्या हातात देऊन देऊन त्याला रडकुंडीला आणलं होतं. पथकात पहिल्या दिवशी सरांनी डावा हात पुढे केला, स्काउट डाव्या हातानेच हस्तांदोलन करतात ना. घरी आला तो उड्या मारतच. "आई, तिथे सगळ्यांचा माझाच हात आहे." त्याच्या बाबांनी त्या दिवसापासून रोज कामाला निघताना त्याला डावा हात द्यायला सुरुवात केली. अजून देतात. दारावर बेल वाजतेय, येते.

गुळगुळीत दगड:
हे वाचून पोटात कालवलं. "तिथे सगळ्यांचा असायचास." मीही हेच केलं. माझ्या पथकात मुलगा आला तेव्हा एका जुन्या सरांनी सांगितलं होतं, त्याला दुसऱ्या सरांच्या टोळीत घाल, त्याच्या चाचण्याही त्यांनाच घेऊ दे, तू फक्त बाप म्हणून ये. ऐकलं नाही. बोलाइन गाठ सगळ्यांची एकदा तपासायचो, त्याची तीनदा. एकदा त्याने दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तूच बांध.
त्यानंतर ऐकलं. दुसऱ्या टोळीत गेला, टोळीनायक झाला, मला शिबिरात भेटला की लांबूनच हात करायचा. तेच बरं होतं. तुमचा धाकटा २६ व्या वर्षी का होईना, बोलला. माझं ऐका, विषय तिथे सोडू नका.

संध्याछाया:
इथे सगळे बाबाच दिसताहेत म्हणून लिहू की नको असं झालं. मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही वेगळे झालो. पथकात "वडिलांना घेऊन या" असा दिवस असायचा, मी जायची. दोर, खुंट्या, होकायंत्र, सगळं पुस्तकातून शिकून. एकदा तो रडत आला की मला बाबा नाहीत म्हणून मला हे काही येणार नाही. तेव्हा त्याला सांगितलं की ज्याने हे सगळं सुरू केलं त्या बेडन-पॉवेलचे वडील तो तीन वर्षांचा असतानाच गेले. आईने वाढवलं. आणि १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर २० च्या आसपास मुलं घेऊन पहिलं शिबिर केलं तेव्हा तो पन्नाशीचा, लग्न न झालेला, स्वतःचं मूल नसलेला माणूस होता. पहिला मुलगा १९१३ चा. पोरगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आई, ती क्लोव्ह हिचची गाठ परत एकदा दाखव.

पायवाट:
संध्याछाया, __/\__. बास, अजून काही लिहीत नाही.

रानभूल:
आलो. घड्याळावरून दिशा काढणं कुणाला आठवतं का? तासकाटा सूर्याकडे धरायचा, तो आणि १२ यांच्या मधोमध दक्षिण. माझ्या मुलाच्या हातात आकड्यांचं डिजिटल घड्याळ. तो खट्टू झाला, मग मनगटावर पेनने गोल काढून काटे काढले. त्या गोलावरून तो आम्हाला दीड तास घेऊन गेला.

पायवाट:
हे उत्तर गोलार्धात हं. आणि विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य डोक्यावर असला की गडबड होते.

रानभूल:
म्हणूनच दीड तास लागला :)

चुलतबहीण:
मला स्काउटमध्ये जायला मिळालं नाही, भाऊ जायचे, मी वडिलांच्या मागे लागायचे. ते सांगायचे की १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या स्काउट मेळाव्यात मुली न बोलावता आल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाईड सुरू झालं, तेव्हा तूही नुसती येऊन उभी राहा. राहिले. मग मलाही वाट दाखवायच्या खुणा शिकवल्या. बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडून नको, गोल आणि मधे ठिपका म्हणजे मी घरी गेलो. बेडन-पॉवेलच्या केनियातल्या कबरीवर हीच शेवटची खूण आहे.
वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ सगळ्यांत उशिरा पोहोचला. सगळं उरकल्यावर अंगणात बसला होता. मी बाहेर आले तर त्याने काडीने मातीत गोल काढला होता, ठिपका दिला नव्हता. काडी माझ्याकडे दिली.

गुळगुळीत दगड:
...

डावखुऱ्याची आई:
परत आले. चुलतबहीण, तुला घट्ट मिठी.
प्लास्टरच्या आत खाज सुटली तर काही खुपसू नका हं, बारीक जखमही चिघळते. बाहेरून टिचक्या मारा.

दोन पोरांचा बाप:
सगळं वाचलं, दोनदा. गुळगुळीत दगड, विषय सोडला नाही. काल रात्री त्याला म्हटलं, भांडी घासायला पहिलं नाव तुझं असायचं, ते चुकलं माझं. तो म्हणाला, माहितीय. मग थोड्या वेळाने, "दादाने दोर ढिले केले ते तू सगळ्यांना सांगतोस. मी आगीची जागा विझवून हात लावून बघायचो, गार झाली का. ते कधी बघितलंस?"
नव्हतं बघितलं. आता हाक मारतोय, झोळी सैल झालीय म्हणतो. जातो.