इंका ट्रेल, उतरताना गुडघ्यांचं काय करता?

मंडळी, मदत हवी आहे. मे महिन्यात पेरूला इंका ट्रेल (माचू पिचूला जाणारा डोंगरातला ट्रेक) करतोय, ४ दिवसांचा, परमिट मिळालंय. ४२०० मीटरच्या वार्मिवान्युस्का खिंडीसाठी आधी उंचावरच्या कुस्को शहरात राहून हवेची सवय करणार आहे, त्यामुळे चढाईचं फार टेन्शन नाही पण तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्का या इंका अवशेषांपासून खालच्या विन्याय वायना अवशेषांपर्यंत जवळपास १००० मीटर उतार आहे, तोही सगळा इंकांच्या दगडी पायऱ्यांचा आणि धुक्याच्या जंगलातून, म्हणजे दगड ओले असणारच. सह्याद्रीत उतरतानाच माझा उजवा गुडघा धरतो. काठ्यांना रबरी टोपी तिथे सक्तीची आहे, ती ओल्या दगडावर घसरते का? नी कॅप घालून उतरलेलं कुणी आहे का? आणि आत्तापासून कोणता व्यायाम करू? प्लीज स्वतःचा अनुभव सांगा, हा ट्रेक मला नीट चालत पूर्ण करायचाय.