मदत हवी आहे: फिजिक्स शिकणाऱ्या मुलींसाठी निधी कसा उभा करायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मुलींसाठी आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून फंड गोळा करायचं म्हणतोय. बीएस्सीला मुली बऱ्याच असतात हो, पण एमएस्सी म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो पुण्याला राहणार कुठे आणि मेसचे पैसे कोण भरणार, आणि मग जॅमचा (आयआयटी वगैरेंमध्ये एमएस्सीला प्रवेश देणाऱ्या परीक्षेचा) फॉर्मसुद्धा भरला जात नाही. इन्स्पायर या केंद्र सरकारच्या विज्ञान स्कॉलरशिपचे वर्षाला 80,000 रुपये मिळतात पण त्याला बारावीत बोर्डात टॉप 1 टक्क्यात यावं लागतं, बाकीच्यांनी काय करायचं?

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल बाईंनी 2018 मध्ये मिळालेलं 30 लाख डॉलरचं अख्खं बक्षीस अशाच पीएचडी स्कॉलरशिपला देऊन टाकलं, आपल्याकडे तेवढं नाही, पण दोघीतिघींचं हॉस्टेल तरी निघावं.

आता अडलंय कुठे, तर स्वतःच्या खात्यात पैसे घ्यायचे नाहीत हे नक्की. मग नवीन ट्रस्ट काढावा की आधीच 80जी (देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत करावं? नवीन टॅक्स रेजीमवाल्यांना सूट मिळतच नाही म्हणा, तरी लोक पावती मागतातच. शिवाय एक मैत्रीण अमेरिकन सिटिझन झालीये, तिचे पैसे घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी) लागतं, तेव्हा तिला तूर्तास थांबवलंय.

कोणी असं काही चालवलंय का? मुली निवडायच्या कशा, मार्कांवर की घरची परिस्थिती बघून? आणि पैसे मुलीच्या हातात द्यावेत की थेट हॉस्टेलला भरावेत? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.