फाडफाड वाचते, पण ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरला अशोक चौकाच्या बाजूला राहते. संध्याकाळी घरीच शिकवणी घेते, दुसरी-तिसरीची सात पोरं आहेत. डीएड वगैरे केलेलं नाही, बीकॉम आहे. तेव्हा चुकत असेन तर सरळ सांगा.

अडचण सातातल्या पाच जणांची आहे, पण एका मुलीत ती अगदी स्वच्छ दिसते. तिसरीत आहे. वाचन असं की ऐकत बसावं. जोडाक्षराला अडत नाही, पूर्णविरामाला थांबते. निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारची पायाभूत वाचन-गणिताची मोहीम) तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं धरलंय, म्हणून परवा मोबाईलवर वेळ लावून मोजलं. ८० च्या वर गेली. मी खूश! मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘हं, काय वाचलंस?’

झालं. फ्रॉकची लेस ओढत बसली.

गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याची, म्हणजे अवघड काहीच नाही. हिचं नेहमी दोनातलं एक होतं. एक तर गप्प, नाहीतर पहिल्या ओळीपासून कविता म्हटल्यासारखं: ‘एक म्हातारी होती. मग ती लेकीकडे निघाली. मग कोल्हा आला. मग वाघ आला. मग...’ शेवटापर्यंत जाईतो दमते, आणि वाघानं म्हातारीला सोडलं का, तेच राहून जातं. ‘थोडक्यात सांग’ म्हटलं तर पहिली तीन वाक्यं म्हणून थांबते. तिच्या लेखी थोडक्यात म्हणजे सुरुवातीचं. ‘अगं नीट सांग की’ म्हटलं तर डोळ्यांत पाणी. ‘सांगलाले की, टीचर!’

‘पाच ओळींत लिही’ हेही करून पाहिलं. धड्याच्या पहिल्या पाच ओळी सुंदर अक्षरात उतरवून आणल्या.

घरी तेलुगू बोलतात. आई गारमेंटमध्ये जाते, आजी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. शाळेत प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवायची असतात, त्यामुळे वहीत सगळं बरोबर आणि लाल शाईत ‘छान’. आईला वाटतं मीच उगाच खुसपट काढते.

हे शिकवायचं कसं? की वयानुसार आपोआप येतं?

जुळे सोलापूरची आई:
ताई, ‘काय वाचलंस’ला मीसुद्धा गप्पच बसेन. पुस्तक तुमच्यासमोर, गोष्ट तुम्हाला पाठ, हे तिला दिसतंय. मग सांगायची कुणाला आणि कशाला? ती परीक्षाच वाटणार. ज्यानं गोष्ट ऐकलेली नाही असा माणूस समोर हवा. माझा मुलगा मला एक शब्द सांगत नाही, पण पुण्याच्या मावशीला फोनवर अर्धा तास सांगतो. ती मुद्दाम मध्ये मध्ये ‘थांब, कळलं नाही’ म्हणते.

निवृत्त मास्तर:
ताई, तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र झाली आहेत. गोष्ट परत सांगणं निराळं आणि सार काढणं निराळं. पहिल्यात आठवायचं असतं, दुसऱ्यात टाकून द्यायचं असतं. पहिलं पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

त्याआधी भाषेचं बघा. गॉफ आणि टन्मर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी १९८६ साली साधं सूत्र मांडलं होतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शंभर असली आणि दुसरी शून्य असली तर उत्तर शून्यच. तुमच्या मुलीची पहिली बाजू उत्तम आहे, म्हणून दुसरी झाकली जाते. तिला आधी तेलुगूत सांगू द्या. तेलुगूत गोष्ट धड आली तर तिला समजलंय आणि फक्त मराठी शब्द कमी पडतायत. तेलुगूतही ‘मग मग’च आलं तर गोष्टीचा सांगाडाच हाती लागलेला नाही.

सांगाडा पाच बोटांवर बसवा. कोण होतं, त्याला काय हवं होतं, काय आडवं आलं, त्यानं काय केलं, शेवटी काय झालं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वहीत काही लिहायचं नाही.

आपोआप येतं का, तर नाही. पण घाईही नको. अ‍ॅन ब्राऊन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये सार लिहिण्यावर अभ्यास केला. त्यात पाचवीची मुलंसुद्धा बहुतेक वेळा काही वाक्यं गाळायची आणि उरलेली तशीच उतरवायची. आपल्या शब्दांत नवं वाक्य रचणं मोठ्यांनाच जमत होतं. तेव्हा तिसरीतल्या पोरीनं उतरवून आणलं तर रागावू नका. गाळायचं काय, एवढंच शिकवा.

पार्क चौकातला:
आमच्या सासऱ्यांना गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आल्यावर ‘काय बघितलं’ विचारा. रिक्षा कुठं मिळाली तिथून सुरू! नंदीध्वजापर्यंत यायला जेवणं उरकतात. पोरीला माफ करा हो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. मास्तर, मला तेलुगू फार येत नाही. ती बरोबर सांगते का ते कळायचं कसं?

निवृत्त मास्तर:
तुम्हाला कळायची गरज नाही. समोर आजी बसवा. आणि मराठीत सांगताना एक खेळ घ्या: ‘मग’ म्हणायला बंदी. त्याजागी ‘पण’ नाहीतर ‘म्हणून’ आलं पाहिजे. दोन्ही बसत नसतील तर ते वाक्य बहुतेक गाळण्यासारखं असतं.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
उशिरा लिहिते, माफ करा. एक दिवस मीच तिच्या घरी गेले. आजी उंबऱ्याशी, तेंदूपानं शेजारी ओल्या फडक्यात. पोरीनं तेलुगूत सुरू केलं. आजीचा हात चालूच, मान खाली. वाघ ‘तुला खातो’ म्हणाला तिथं पोर थांबली, बहुतेक शब्द शोधत होती. आजीनं अर्धी वळलेली विडी तशीच सुपात टाकली आणि म्हणाली, ‘एमाइंदि?’ म्हणजे काय झालं? एवढं मलाही कळलं! मग पोर जी सुटली! मी दोन महिने जे मागत होते ते तिथं पाच मिनिटांत झालं. (थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.)

‘मग’बंदीला मात्र वेळ लागला. पहिल्या दिवशी सातही पोरं हसून हसून आडवी. आता काल तिनं सांगितलेलं जसंच्या तसं देते: ‘म्हातारीला लेकीकडं जायचं होतं, पण वाघ खाणार होता, म्हणून ती म्हणाली जाड होऊन येते. पण येताना तो वाट बघत होता, म्हणून भोपळ्यात बसून आली.’ कोल्हा कुठं गेला विचारलं. ‘तो वाघासारखंच म्हणतो, टीचर, एकच पुरे.’

आता नवीन अडचण. माहितीच्या धड्यात ना म्हातारी ना वाघ. विहीर, तळं, नदी, धरण अशी नुसती यादी. पाच बोटं चालत नाहीत.

निवृत्त मास्तर:
कोल्हा गाळला म्हणजे सार काढायला लागलीच ती! माहितीच्या धड्याचं शीर्षक झाका आणि एकेका परिच्छेदाला नाव द्यायला सांगा. ज्वारी, गहू, बाजरी म्हटलं की ‘धान्य’ म्हणतो तसं. आधी घरातल्या वस्तूंवर खेळवा, मग धड्यावर या.

धागाकर्ती:
आजच केलं. हिनं नाव दिलं, ‘पाणी कुठंकुठं असतं’. शेजारच्या पोरानं दिलं, ‘नळाला पाणी आलं नाही’. धड्यात नळ नव्हताच. त्याला विचारलं हे कुठून काढलंस, तर म्हणाला, ‘एवढं सगळं पाणी आहे, पण आमच्याकडं येत नाही.’ ‘पण’ बरोबर वापरला म्हणून त्यालाही बरोबर दिलं.