मेसेजची भाषा आणि आपलं लिहिणं: तुमचे अनुभव सांगा

मोबाईलवर मेसेज लिहिता लिहिता आपल्या एरवीच्या लिखाणात काय बदललं, याचे अनुभव इथे एकत्र करायचे आहेत. 'भाषेची वाट लागली' आणि 'कुठे काय बिघडलंय' ही दोन्ही टोकं आपण पुष्कळदा ऐकली आहेत, त्यामुळे मतं थोडी कमी आणि घडलेलं जास्त लिहा. लघुरूपं कुठे सोयीची पडली, कुठे नडली, कुणाला लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, काहीही चालेल.

सुरुवात मीच करते. मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. नवीन लेखकांचे मसुदे रोज नजरेखालून जातात आणि त्यात मेसेजमधली लघुरूपं जवळजवळ सापडतच नाहीत. पुस्तकात कसं लिहायचं हे लोकांना कळतं. आटत चाललंय ते वेगळंच: 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'एवढ्यासाठी की', 'जोवर... तोवर'. मेसेजमध्ये या शब्दांवाचून अडत नाही. एक वाक्य पाठवायचं, समोरच्यानं 'का?' विचारलं की दुसरं पाठवायचं. वाक्यांची जोडणी दोघं मिळून करतात. पानावर 'का?' विचारायला समोर कुणी नसतं.

एका प्रवासवर्णनात असा मजकूर होता: 'पाऊस सुरू झाला. आम्ही परत फिरलो. वाटाड्या नाराज. मला बरं वाटलं.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण वाटाड्या नाराज कशानं झाला? आणि लेखकाला बरं का वाटलं, पाऊस आला म्हणून की परत फिरलो म्हणून? मी फोन केला. तो भरभरून सांगायला लागला: पुढची वाट निसरडी होती, त्याला आधीपासून धाकधूक होती, पण सगळ्यांसमोर ते बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून पाऊस आल्यावर सुटल्यासारखं झालं; वाटाड्याला मात्र ती वाट दाखवायचीच होती. बोलण्यात सगळं 'पण', 'म्हणून', 'मात्र' जागच्या जागी होतं. कागदावर तेवढंच उतरलं नव्हतं. मला काळजी वाटते ती याची. लघुरूपांचं मला भय वाटत नाही.

दूरसंचार क्षेत्रात काम केलेला एक जण

लघुरूपं आळसातून आली असं सर्रास म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. तो संगणकावरून पाठवला होता, कारण ज्या फोनवर तो पोचला त्यावरून मेसेज लिहायची सोयच नव्हती. पुढे सोय आली ती आकड्यांच्या बटणांवर. इंग्रजी 'यू' हा शब्द पूर्ण लिहायचा तर बटणं आठ वेळा दाबावी लागत, नुसतं अक्षर लिहायचं तर दोनदा. 'एस' हे अक्षर सातच्या बटणावर चौथं, म्हणजे प्रत्येक 'एस'ला चार वेळा दाबणं आलं. अशा बटणांवर माणूस काटकसर करणारच.

मराठीची अडचण त्याहून मोठी होती. एका एसएमएसला जागा १४० बाइटची, म्हणजे (बाइटला ८ बिट धरून) ११२० बिटची. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीत दर चिन्हाला १६ बिट, म्हणून मावतात फक्त ७०. त्यात काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण फोन ते असं मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. सहा! मेसेज लांबला तर तुकडे पुन्हा जुळवण्यासाठी थोडी जागा राखून ठेवावी लागते, मग दर तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. शिवाय समोरच्या फोनमध्ये देवनागरी नसली की त्याला नुसते चौकोन दिसत. मराठी माणूस रोमन लिपीत मराठी लिहायला लागला त्यामागे ही सगळी कारणं होती. आज इंटरनेटवरच्या मेसेजना या मर्यादा नाहीत, कळफलक चांगले झाले, पण हाताला लागलेलं वळण राहिलं.

शेवटच्या वर्षाला शिकणारी

आम्ही ठिकाण बघून लिहितो, एवढं तरी मोठ्यांनी मानावं. मैत्रिणीला 'धन्यवाद' असं पूर्ण लिहिलं तर ती विचारते, 'काय बिनसलं?' आणि प्राध्यापकांना मी 'थँक्स'सुद्धा लिहीत नाही. कुठे काय चालतं हे आम्हाला नेमकं ठाऊक असतं.

मला अडतं ते सुरुवातीला. मेसेजला सुरुवात नसतेच, कालचंच बोलणं पुढे चालू असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज लिहायला बसले तेव्हा मधला मजकूर भराभर झाला, पण पहिली ओळ सुचेना. कोण आहे मी, कशासाठी लिहितेय, हे अनोळखी माणसाला कुठून सांगायला घ्यायचं? शेवटही तसाच. 'आपली विश्वासू' लिहिलं, पण त्याच्या आधी कुठे थांबायचं ते कळत नव्हतं.

रुग्णालयातली परिचारिका

आमच्या कामात लघुरूपं मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि त्यांनी माणसं दगावू शकतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट'साठी नुसतं 'यू' लिहिलं आणि अक्षर जरा गोल आलं की ते शून्यासारखं दिसतं. १० चे १०० होतात. दहापट डोस! अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली 'ही लघुरूपं वापरू नका' अशी यादी लागू केली, त्यात हे 'यू' आहे. 'रोज' आणि 'एक दिवसाआड' यांची लॅटिन लघुरूपंही त्याच यादीत आहेत, कारण दोन्हींत एका अक्षराचा फरक. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहायलाही मनाई आहे, १.० मधला टिंब पुसट झाला की तो १० वाचला जातो. हे सगळं आम्हाला शिकवलं जातं, आम्ही पाळतो.

संपादक ताईंनी जे लिहिलंय ते मला दुसऱ्या बाजूनं दिसलं. पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेसाठी वहीत नोंद करायची असते. नवीन मुली हुशार असतात, कामाला वाघ, पण नोंदीत लिहितात: 'पेशंट ओके.' मी विचारते, काय ओके? दुखणं थांबलं? लघवी झाली? ताप उतरला, की उतरतोय? मेसेजमध्ये 'ओके'च्या आधी कुणाचा तरी प्रश्न असतो, म्हणून त्याला अर्थ येतो. वहीत आधीचा प्रश्न कुठे आहे? रात्री दोन वाजता ती नोंद वाचणारीला लिहिणारी भेटणार नसते. मी आता नव्या मुलींना सांगते, 'ओके' लिहायचंच असेल तर आधी तो प्रश्न लिही. मग त्या आपोआप लिहितात: 'दुपारच्या इंजेक्शननंतर दुखणं कमी आहे, पण कुशीवर वळताना अजून कळ येते, म्हणून रात्री वळवताना दोघींनी वळवावं.' यातलं 'पण' आणि 'म्हणून' काढून बघा, रुग्णाला किती त्रास होईल.

(नाव नको)

माझा अनुभव छोटासाच आहे. मुलीला 'ठीक आहे' लिहून पुढे पूर्णविराम दिला, आयुष्यभर देत आलो तसा. तिचा लगेच फोन, 'बाबा, रागावलात?' नंतर वाचनात आलं की अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हेच तपासलं होतं. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर मेसेजमध्ये ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक पडत नाही. म्हणजे तिची चूक नव्हती आणि माझीही नव्हती. आता तिला लिहिताना मी पूर्णविराम गाळतो, बाकी सगळीकडे देतो.

ऐकू न येणारा

मला जन्मापासून ऐकू येत नाही. माझी पहिली भाषा खुणांची, लिखित मराठी दुसरी. मोबाईलवर मेसेज येण्यापूर्वी मला कुणाला निरोप द्यायचा तर घरातल्या कुणाला तरी माझ्यासाठी फोन करावा लागे. कामाचा असो, मनातला असो, दुसऱ्याच्या तोंडून जायचा. मेसेज आले आणि पहिल्यांदा मी आणि ऐकणारी माणसं एका पातळीवर आलो, कारण तिथे आवाज कुणालाच लागत नाही. त्या आनंदाची कल्पना इतरांना सहज यायची नाही.

लघुरूपांबद्दल आणि ताणून लिहिलेल्या अक्षरांबद्दल लोक नाराजीनं बोलतात तेव्हा मला वाईट वाटतं. 'हो', 'होऽऽऽ', 'हो ना', 'हं', 'हम्म' यातला फरक तुम्ही लहानपणापासून कानांनी शिकलात. मला तो मेसेजनं शिकवला. माणूस कंटाळून हो म्हणतो, लाडात म्हणतो, मन मोडू नये म्हणून म्हणतो, हे मला अक्षरांच्या लांबीवरून कळायला लागलं. शाळेच्या पुस्तकात 'हो' एकच होता.

मात्र जोडशब्दांचं जे वर आलंय ते मला पटतं. 'जर-तर', 'जरी-तरी' हे आम्ही बरंचसं चेहऱ्यानं दाखवतो. लिहिताना चेहरा नाही. त्यामुळे ते मला मुद्दाम, एकेक करून शिकावं लागलं. ज्यांना ते आयतं मिळालं त्यांनी टाकून देऊ नये असं मनापासून वाटतं.

भाषाशास्त्राचा विद्यार्थी

लघुरूपं नवीन नाहीत हे उदाहरणांनिशी सांगतो. 'ओह माय गॉड'चं तीन अक्षरांचं रूप ब्रिटिश नौदलाचे अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशानं ते २०११ साली दाखल करून घेतलं. आपल्याकडे तर पत्राचा मायनाच लघुरूपांचा: ती., चि., सौ., सा. न. वि. वि., आणि सही झाल्यावर ता. क. फरक एवढाच की 'ती.' वडीलधाऱ्यांना आणि 'चि.' धाकट्यांना हे पत्र लिहायला शिकतानाच कळायचं. कोणतं रूप कुणासाठी, ही समज त्या रूपासोबतच मिळायची.

मुलांचं शुद्धलेखन मेसेजमुळे बिघडतं या भीतीबद्दलही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा ते बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मेसेजमध्ये लघुरूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच निघाली. कारण असं असावं. इंग्रजीतलं 'ग्रेट' लिहिताना शेवटच्या अक्षरांऐवजी ८ चा आकडा घालायचा, तर त्या शब्दाचा उच्चार नीट तोडता यायला हवा. अर्थात हे इंग्रजीबद्दल आहे. मराठी रोमनमध्ये लिहिलं की न-ण, ल-ळ, त-ट एकाच अक्षरात जातात, आणि 'काल', 'काळ', 'कळ' सारखेच दिसतात. लहानपणापासून फक्त असंच लिहिणाऱ्या मुलाला ळ कुठे लिहायचा हे कशावरून कळणार? माझ्या मते मराठीसाठी काळजीची जागा ही आहे, आणि मुलाच्या फोनवर देवनागरी कळफलक बसवून दिला तरी तिचा बराच भाग सुटतो.

अनुवादक

संपादक ताईंशी थोडा मतभेद. तुटक वाक्यांना इतकं नावं ठेवू नका. जुन्या कार्यालयीन मराठीतली अर्ध्या पानाची वाक्यं, 'सबब', 'तथापि', 'उपरोक्त' यांनी जखडलेली, मी मराठीतून इंग्रजीत आणताना रडकुंडीला आले आहे. तिथे जोडशब्द भरपूर होते आणि अर्थ हाती लागत नव्हता. मेसेजनं लोकांना थेट लिहायची सवय लावली, ती मला मोलाची वाटते.

धागाकर्ती

हा मुद्दा मान्य. 'तथापि' घालून अर्थ झाकताही येतो. जोडशब्द पाहिजेत ते विचार खरोखर जोडलेला असेल तिथे. वाटाड्याच्या परिच्छेदात विचार जोडलेला होता, फक्त वाचकापर्यंत पोचला नव्हता. परिचारिका ताईंची 'आधी प्रश्न लिही' ही युक्ती मी लेखकांना सांगायला घेणार आहे. शाळेत शिकवणाऱ्या कुणी वाचत असेल तर लिहा ना, मुलांकडून हे कसं करून घेता?

माध्यमिक शाळेतली शिक्षिका

वाचत होतेच. आमच्याकडेही निबंधात लघुरूपं क्वचित येतात. येतात ती सुटी वाक्यं. 'कारणं देऊन लिहा' असं सांगून उपयोग होत नाही, मुलं दर ओळीत 'कारण' घालतात.

मी उलटं करते. मुलांनी जोडीजोडीनं मेसेजसारखं बोलणं कागदावर लिहायचं, हव्या त्या भाषेत, हवी तेवढी लघुरूपं घालून. मी तपासत नाही. मग कागद अदलाबदल. ज्या जोडीला कागद मिळाला तिनं ते सगळं, तिथे हजर नसलेल्या मोठ्या माणसाला पत्रातून कळवायचं. एकदा असा कागद आला: 'येतेस?' 'नाही रे' 'का' 'आई' 'अरे यार' 'उद्या?' 'बघते'. त्यावरून एका मुलीनं आजोबांना लिहिलं: 'तिला यायचं होतं, पण आईनं परवानगी दिली नाही, त्यामुळे तो हिरमुसला आणि उद्या तरी ये म्हणाला, तिनं मात्र नक्की काही सांगितलं नाही.' मग वर्गात वाद सुरू झाला. 'आई' म्हणजे परवानगी नाही की आई आजारी? मूळ जोडीनं सांगितलं, आई आजारी. लगेच त्या मुलीनं 'परवानगी दिली नाही' खोडून 'आई आजारी असल्यामुळे तिला येता आलं नाही' असं केलं, आणि मग 'हिरमुसला' हा शब्दही तिला पटेना, तो बदलायला बसली.

सातवीपासून पुढे हे चांगलं जमतं. त्याआधी मुलांना तिथे नसलेल्या वाचकाची कल्पना करणं अवघड जातं, तेव्हा पत्र खरोखरच कुणाला तरी पाठवावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.