थोंग सुई: खीर, कढण की आणखी काही?

नीलमोहर: सिंगापूरला आमच्या शेजारी मूळच्या दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या एक आजी राहतात. त्यांच्या 'हुंग दाव सा'ची कृती मी मराठीत लिहून काढते आहे. बारीक लाल कडधान्याचा हा गोड, पातळ पदार्थ. जेवण झाल्यावर वाटीतून गरम गरम खातात. अशा सगळ्या पदार्थांना कँटनी भाषेत थोंग सुई म्हणतात. थोंग म्हणजे साखर, सुई म्हणजे पाणी. 'साखरपाणी' लिहिलं तर आजाऱ्याला देतात ते वाटेल. 'खीर' लिहिलं, तर नवरा म्हणतो, दुधाचा थेंब नाही, मग खीर कसली? तुम्ही काय लिहाल?

औदुंबर: नवऱ्याचं बरोबर आहे. खीर आली क्षीरावरून, आणि क्षीर म्हणजे दूध. सरळ 'कढण' लिहा. आयुर्वेदातलं यूष ते हेच. घरचा शब्द असताना 'सूप' तर अजिबात नको.

पंचगंगा: आमच्याकडे गव्हाची खीर गुळात शिजते. दूध वाढताना वरून, ज्याला हवं त्याला. तिला सगळा कोल्हापूर जिल्हा खीरच म्हणतो. व्युत्पत्तीला धरून बसायचं तर 'तेल' फक्त तिळाचंच म्हणावं लागेल.

औदुंबर: तेलाचा अर्थ केव्हाच पसरला, मान्य. म्हणून प्रत्येक शब्दाची कड बोथट करायची का?

सायली_ठाणे: कढण म्हटलं की मला मीठ-मिरी घातलेलं, तापातून उठलेल्या माणसाचं मुगाचं पाणी आठवतं. गोड कढण ऐकलं नाही.

दर्यावर्दी: आमच्या मालवणकडे या. मूग, गूळ, नारळाचा रस, वेलची. आजी त्याला कढणच म्हणायची.

म्हापसेकार: गोव्यात मणगणें करतात: चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. हाँगकाँगला नारळाच्या रसातला गोड साबुदाणा खातात, तो याचा जवळचा भाऊबंदच. मणगण्याला आम्ही ना खीर म्हणत ना कढण. थोंग सुईलाही तिचं नाव राहू द्या.

नीलमोहर: नाव ठेवेन, पण पुढे अडलेय. मुख्य खूण 'सा', म्हणजे वाळू. कडधान्य रात्रभर भिजवून भरपूर पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजवायचं, म्हणजे साली फुटून गर पाण्यात उतरतो. आजी म्हणतात, वाळू उठली पाहिजे. मराठीत काय लिहू?

पंचगंगा: रवाळ. तूप रवाळ होतं तसं.

औदुंबर: तुपाचा रवा थिजल्यावर येतो, हा गर शिजून सुटतो. 'पिठूळ' लिहा.

सायली_ठाणे: पिठूळ म्हटलं की कच्चं पीठ जिभेला लागतं. मी रवाळच्या बाजूने.

दर्यावर्दी: शब्द कुठलाही घ्या, साखर शेवटी घाला हे ठळक लिहा. आधी घातली तर दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो, मग ना रवा ना पीठ. आणि राजमा वापरू नका.

नीलमोहर: राजमा नाही, ते बारीक लाल कडधान्य म्हणजे अझुकी.

दर्यावर्दी: मग मिळाली नाही तर लाल चवळी घ्यायला सांगा. मूग, चवळी, अझुकी एकमेकांचे जवळचे भाऊबंद; राजमा जरा लांबचा.

औदुंबर: चवळीची चव उग्र. कृती बदलून नाव तेच ठेवणं मला पटत नाही.

विदर्भकन्या: हिंदीत साखरेला 'चीनी' म्हणतात ते चीनवरूनच ना? म्हणजे साखर तिकडूनच आली.

म्हापसेकार: नाव चीनवरून, विद्या उलट दिशेने. इ.स. 647 मध्ये चीनच्या थांग घराण्यातल्या सम्राट थायझोंगने साखर करण्याची पद्धत शिकायला मगधला माणसं पाठवली होती. आणि आपली 'साखर' थेट शर्करेवरून.

विदर्भकन्या: हे माहीत नव्हतं! थोंग सुईत खडीसाखर घालतात का?

नीलमोहर: हो, आजी खडीसाखरच घालतात. शिवाय संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल. क्वांगतुंगमधल्या शिनह्वेची साल नावाजलेली, निदान तीन वर्षं मुरवलेली. भिजवून आतला पांढरा भाग खरवडून काढायचा, नाहीतर कडू होतं.

विदर्भकन्या: नागपुरी संत्रंही त्याच जातीचं. आमच्याकडे साली पोत्याने फेकल्या जातात! उन्हात वाळवायच्या की सावलीत?