विषय: पालकसभेत मुलगाच बोलणार म्हणे

नमस्कार मंडळी,

मुलगा सातवीत आहे. शाळेचा निरोप आलाय की यंदाची पालकसभा मुलंच चालवणार. वह्या तोच दाखवणार, काय जमतं आणि कुठे अडतं तेही तोच सांगणार, बाई बाजूला बसणार. आधीच २० मिनिटं मिळतात, त्यात हे! मुलाचं तर मी घरी रोज ऐकतो. रोज रात्री गणिताला सोबत बसतो. पालकांनी आणखी काय करायचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

पुन्हा: पालकसभेत मुलगाच बोलणार म्हणे

दादा, "रोज ऐकतो" वाचून हसू आलं, रागावू नका. मीही हेच म्हणायचे. मग अशाच एका सभेत लेकीने वही उघडली आणि बाईंना म्हणाली, "हे मला येतं. पण आई शेजारी बसली की मी विचारच करत नाही, कारण पेन्सिल तीच आधी उचलते." माझे कान लाल! इतकी वर्षं शेजारी बसून हे मला कळलं नव्हतं. बाई समोर होत्या आणि बोलायची पाळी तिची होती, म्हणून ती बोलली.

नंतर जरा शोधाशोध केली. हिल आणि टायसन या दोघी संशोधकांनी २००९ मध्ये साधारण तुमच्या मुलाच्या वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. शाळेत जाणं-येणं, सभांना हजर राहणं याचा चांगल्या प्रगतीशी संबंध दिसला. त्याहून जास्त दिसला तो शिक्षण कशासाठी, पुढे काय करावंसं वाटतं, आमची अपेक्षा काय, अशा घरातल्या बोलण्याचा. गृहपाठातल्या मदतीचा मात्र उलटाच. म्हणजे मदतीने मूल मागे पडतं असं लगेच समजू नका. जे अडखळतं त्याच्याच शेजारी आपण बसतो, हेही त्यात आलंच. तरी मी पेन्सिल खाली ठेवली.

---

पुन्हा: पुन्हा: पालकसभेत मुलगाच बोलणार म्हणे

माझा थोडा विरोध नोंदवते. मी शाळेत शिकवते. मुलांना बोलायला उभं करायचं, टाळ्या वाजवायच्या आणि पुढे काहीच हलवायचं नाही, हे मी भरपूर पाहिलंय. मुलं ते चटकन ओळखतात आणि पुढच्या वेळी "सगळं छान" म्हणून मोकळी होतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मुलाला मत मांडू द्या एवढ्यावर थांबत नाही. वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्या असंही म्हणतं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये त्याची चार अंगं मांडली: बोलायला जागा, बोलता येणं, ऐकणारं माणूस आणि त्या बोलण्याचा काही परिणाम. आपण बहुतेकदा पहिल्या दोनांतच अडकतो. मूल म्हणेल ते सगळं करा असं नाही. नाही म्हणायचं असेल तर का नाही ते त्यालाच सांगायचं. तेव्हा दादा, सभा संपायच्या आत एक गोष्ट ठरवून घ्या, कोण काय बदलणार ती. तुम्ही, बाई किंवा तो.

आणि एक, विषयाला सोडून आहे पण आपल्यातल्या बऱ्याच घरांचं आहे. घरात कुणाला शाळेची भाषा नीट येत नसेल तर मुलाला दुभाषा करू नका. स्वतःचीच तक्रार भाषांतर करून आजीला सांगायची वेळ त्याच्यावर येते. शाळेकडे दुभाषा मागा. सभा मूलच चालवत असेल तर आजीशी मराठीत बोलायला हरकत नाही, बाईंना आधी कल्पना द्या म्हणजे झालं.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पालकसभेत मुलगाच बोलणार म्हणे

झाली सभा. आधी बाईंकडे वेगळी १० मिनिटं मागून घेतली होती, ती मिळाली, त्यामुळे मीही शांत होतो. पहिली पाच मिनिटं चिरंजीव वहीकडेच बघत होते. मग अपूर्णांकांचं पान काढून म्हणाला, इथपासून कळत नाही, पण वर्गात विचारायची लाज वाटते. मला वाटत होतं पोरगा आळशी आहे.

ठरलं ते असं: प्रश्न तो चिठ्ठीवर लिहून ठेवणार, बाई तास संपल्यावर बघणार. माझ्या वाट्याला आलं, रात्री जेवणानंतर गणित नाही, संध्याकाळीच. आणि मी दुसऱ्या खोलीत.

मार्कांचं अजून काही सांगता येत नाही. दुसऱ्या खोलीत बसणं मात्र भलतंच अवघड आहे, ताई. परवा त्याने हाक मारली, मी धावत गेलो, तर त्याला खोडरबर हवा होता.