आमच्या मेट्रनबाई गेल्या

नमस्कार मंडळी,

काल रात्री घाटंजीहून थोरल्या भावाचा फोन आला. आमच्या मेट्रनबाई गेल्या. आपल्या इथल्या, ब्रिटनमधल्या मंडळात यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची बरीच घरं आहेत आणि दोघी-तिघी तर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, म्हणून सगळ्यांनाच कळवतो आहे.

सरकारी कागदावर त्या 'अधिसेविका', म्हणजे मेट्रन, म्हणून निवृत्त झाल्या. पण सुरुवात झाली ती एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका म्हणून, कोलाम आदिवासींच्या पोडांवर. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी: पोड म्हणजे कोलामांची वस्ती, मुख्य गावापासून हटून, थोड्याशा घरांची. आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र असा नियम आहे. मैदानी भागात 5000. कागदावर तो बरा दिसतो, पण ते 3000 लोक किती नाल्यांपलीकडे विखुरलेत ते कागदावर नसतं. बाई लसीचा डबा घेऊन पायी फिरायच्या. बर्फ वितळायच्या आत शेवटचं लेकरू गाठायचं, म्हणून सगळ्यात लांबचं पोड आधी घ्यायच्या आणि परतीच्या वाटेवर जवळची. कोलामी बोलायलाही तिथेच शिकल्या. नोकरीत राहूनच जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केलं, मग स्टाफ नर्स, परिसेविका (वॉर्डाची प्रमुख नर्स) आणि शेवटी अधिसेविका.

माझ्या आईचं दुखणं त्यांनीच काढलं. त्याबद्दल आज लिहवत नाही.

मंडळातर्फे काही करावं असं फार वाटतं. दवाखान्यात त्यांच्या नावाची पाटी आणि एक-दोन व्हीलचेअर, असं माझ्या मनात आहे. तुम्ही सांगा.

— घाटंजीकर, लीड्स

*

दादा,

तुमची मेल ड्यूटीवर निघताना वाचली. बसमध्ये रडत गेले.

मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाई आमच्या वॉर्डाच्या परिसेविका होत्या. कपाशीच्या हंगामात फवारणीचं विष अंगात गेलेली माणसं यायची, आणि तेच विष पिऊन आलेलीही. अशा पेशंटला ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, चालू असतं. आम्ही पोरी टॉर्च मारून डोळ्याची बाहुली बघायचो आणि चार्टवर लिहून मोकळ्या व्हायचो. बाई म्हणाल्या, "बाहुली पाहून थांबू नको वं. काखेत हात घाल. घाम सुकला का ते पाह्य. छातीला कान लाव, घरघर गेली का ते आईक." काख कोरडी, छाती साफ, नाडी सुधारलेली, म्हणजे औषध पुरेसं झालं. अंग तापलं, माणूस बरळायला आणि चादर ओढायला लागला, म्हणजे जास्त झालं. हे पुस्तकातही आहे. पण रात्री तीन वाजता, तीस खाटांना दोन पोरी असताना ते आठवतं ते बाईंच्या आवाजात.

आणखी एक. पेशंट शुद्धीवर आला, चहा मागायला लागला की नातेवाईक खूश होतात आणि डॉक्टरही दुसऱ्या खाटेकडे वळतात. बाई मात्र पुढचे तीन-चार दिवस प्रत्येक पाळीत एकच गोष्ट करून घ्यायच्या: "उशीवरून मान उचलून दाखव म्हनाव त्याले." या विषात एक ते चार दिवसांनी स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात, आधी मान, मग श्वास. असा एक तरणा माणूस आमच्या वॉर्डात होता. दुपारी मान उचलली, रात्री उचलेना. माझ्यासोबतच्या पोरीने डॉक्टरांना उठवलं. ते चिडले, पेशंट तर बोलतोय म्हणाले. बाईंनी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं की अशा वेळी 'मला वाटतं' म्हणायचं नाही. "दुपारी दोनला मान उचलली, आता उचलत नाही, श्वास मिनिटाला इतका," एवढंच बोलायचं. तिने तेवढंच सांगितलं. डॉक्टर आले, तासाभरात त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. तो माणूस घरी गेला.

पाळी बदलतानाच्या हॅंडओव्हर रजिस्टरात 'पेशंट बरा आहे' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. त्या ओळीवर रेघ मारून विचारायच्या, "तू काय पाहिलं ते लिही." इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, माझ्या हाताखाली आता नवीन मुली आहेत. त्यांच्याकडून मी तेच करून घेते.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. तरी रात्री-बेरात्री नव्या पोरी त्यांना फोन करायच्या, आणि त्या उचलायच्या.

दादा, राग मानू नका, पण पाटी नको. त्यांचं नाव ज्या पोरींच्या हातात आहे, त्या पोरींसाठी काही करू या. पोडावरची, पाड्यावरची मुलगी बारावीपर्यंत मराठीत शिकते आणि जीएनएमला आली की सगळी पुस्तकं इंग्रजीत. हुशार मुली पहिल्याच वर्षी सोडून जातात. बाई अशा मुलींना ड्यूटी संपल्यावर घरी बोलावून शिकवायच्या, वर जेवू घालायच्या.

— तुमची बहीण, बर्मिंगहॅम

*

दोघांनाही नमस्कार.

मी वणीकडची. माझ्या मोठ्या जावेचं बाळंतपण बाईंनी केलं, बाळ जेमतेम दोन किलोचं. आमच्याकडे बाळ जन्मलं की लगेच आंघोळ घालायची रीत. सासूबाईंनी पाणी तापत ठेवलं होतं. बाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, जुनं मऊ लुगडं काढा जी, तुमच्याच हातानं लेकराले गुंडाळा." सासूबाई लुगडं शोधायच्या नादी लागल्या. तोवर बाळ कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवलेलं आणि दूध ओढायलाही लागलेलं. तापवलेलं पाणी शेवटी बाळंतिणीच्या कामी आलं. पुढे बाळाला किती दिवस आंघोळ नाही हे गल्लीला सासूबाईच ठणकावून सांगत होत्या.

चंद्रपूरपलीकडच्या गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना हीच कामं शिकवली: ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्ग वेळेत ओळखणं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर गेली. बाई निवृत्तीनंतर तालुक्यातल्या आशांना घरी बोलावून बाहुलीवर हेच शिकवायच्या. सरकारने सांगितलं नव्हतं, मानधन नव्हतं.

ताईचं म्हणणं मला पटतं. मुलींसाठीच करू या.

— कार्डिफहून काकू

*

मंडळी,

खजिनदार म्हणून दोन शब्द. आपलं मंडळ इथे नोंदलेलं, त्यामुळे भारतातल्या संस्थेला मंडळाने पैसे दिले तर ते परदेशी देणगीत मोडतात आणि त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात येत नाहीत. तेव्हा मुलींच्या फीला मदत करायची तर कशी ते नीट विचारून ठरवू, घाई नको.

शिकवायला मात्र कोणतीच नोंदणी लागत नाही. आपल्या यादीत नर्सिंगमधल्या बऱ्याच जणी आहेत. रविवारी इथे दुपारचे तीन म्हणजे तिकडे संध्याकाळ, मुली होस्टेलवर असतात. तासभर व्हिडिओ कॉलवर पहिल्या वर्षाचे शब्द आणि धडे मराठीतून समजावून सांगता येतील.

*

काका, मी तयार आहे. शरीररचना आणि नर्सिंगचे मूलभूत धडे मी घेते. औषधांचे डोस आणि गणित दुसऱ्या कोणीतरी घ्या, मुली तिथेच अडतात. घाटंजीकर दादा, बाईंच्या घरी येणाऱ्या मुलींचे नंबर त्यांच्या सुनेकडे असतील, तेवढे तिला विचारून मला वेगळे कळवा, इथे यादीवर टाकू नका. येत्या रविवारी दोन-तीन मुली जरी आल्या तरी सुरू करू.

— बर्मिंगहॅम